चप्पल पायातून निसटते आणि कळतच नाही: बी१२ जीवनसत्त्व कमी झाल्याचं तुम्हाला कशावरून समजलं?

आई ६४ वर्षांची. गेल्या वर्षी चालता चालता तिची एक चप्पल मागे राहायची आणि तिला पत्ताच नसायचा. आम्ही पट्ट्याची चप्पल आणून दिली. मग म्हणायला लागली, पायाला मुंग्या येतात, जमिनीवर कापूस अंथरल्यासारखं वाटतं. शेजारच्या काकूंनी तेल चोळायला सांगितलं. एका सकाळी तोंड धुताना तिने डोळे मिटले आणि तोल जाऊन बेसिनवर आदळली. डॉक्टरांनी तिला पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं. लगेच डोलायला लागली. बी१२ निघालं ९८. साधारण २००च्या खाली कमी धरतात. हिमोग्लोबिन मात्र १२.१, म्हणून आधीच्या तपासणीत कुणालाच शंका आली नव्हती. रक्त ठीक दिसत असतानाही नसा बिघडतात, हे मला तेव्हा कळलं. तुमच्याकडे पहिली खूण कोणती होती? उशिरा कळलं असेल तर तेही लिहा.

सोलापूरहून
माझी जीभ. लालबुंद, गुळगुळीत, शेंगाचटणीसुद्धा सोसेना. घरात सगळे म्हणाले उष्णता झालीय. चार महिने सब्जा आणि गुलकंद. दातांच्या डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली आणि म्हणाले, हिची खरखर कुठे गेली? आधी रक्त तपासा.

पुण्याहून
बी१२ मुख्यतः मांस, अंडी, दुधातून मिळतं आणि आम्ही दर रविवारी मटण खाणारे, त्यामुळे ते कमी असेल हे डोक्यातच आलं नाही. मधुमेहासाठी ११ वर्षं मेटफॉर्मिन, आणि रोज सकाळी पित्ताची गोळी. तळपायांची आग व्हायची ती मी साखरेच्या नावावर टाकत होतो. या दोन्ही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की खाल्लेलं बी१२ अंगी लागणं कमी होतं. या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांकडे विषय काढा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

जळगावहून
लिहायला जड जातंय, पण लिहिते. मुलगी नऊ महिन्यांची, फक्त अंगावर पिणारी, गुटगुटीत. बसायला लागली होती, ती बसेनाशी झाली. हाक मारली तरी बघायची नाही, हसणं गेलं. केस विरळ आणि भुरे झाले, बोटांच्या पेरांवर काळपट डाग आले. सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली, मीही मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. बालरोगतज्ज्ञांनी तिला तपासलं आणि मग माझा हात हातात घेतला. माझीही पेरं काळी होती, मला वाटायचं भांड्यांमुळे. मी शाकाहारी, आठवड्याला दोन उपास, घरातलं दूध सगळं चहात. माझ्यातच नव्हतं, तर दुधातून तिला कुठून मिळणार? दोघींना इंजेक्शनं सुरू झाली. मधे काही दिवस तिचे हात थरथरत होते, तेव्हा रात्र रात्र झोपले नाही. आठव्या दिवशी ती माझ्याकडे बघून हसली. आता चालते. बाळ शिकलेलं विसरायला लागलं तर थांबू नका गं.

न्यू जर्सीहून
दूधही सोडलं होतं, स्पिरुलिना (शेवाळासारख्या वनस्पतीची पूड) घेत होते. त्यातलं बहुतेक बी१२ माणसाच्या शरीराला उपयोगाचं नसतं, हे दोन वर्षांनी समजलं. त्या काळात शब्द आठवायचे नाहीत, रडू यायचं.

नाशिकहून
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गोळ्या सुरू करून मग तपासायला येतात, तेव्हा आकडा चांगला दिसतो आणि खरी कमतरता झाकली जाते. आधी रक्त द्या. दुसरं, नुसतं फॉलिक ॲसिड घेऊन रक्तक्षय (ॲनिमिया) भरून येतो, पण नसांची हानी आत चालूच राहते. आणि 'आमच्याकडे कसं होईल' म्हणणाऱ्यांसाठी: पुण्यातल्या डॉ. याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि परिसरातले ४४१ पुरुष तपासले, त्यांत ६७ टक्क्यांचं बी१२ कमी निघालं; हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला.

सोलापूरहून
तुमच्या आईंना आता कसं आहे?

मूळ लेखिका
ताई, उपचार सुरू झाल्यावर आईची गेलेली तोंडाची चव दोन-तीन आठवड्यांत परतली. तोल सावरायला सात महिने लागले, अजून अंधारात भिंत धरते. डाव्या पायाची बोटं बधिरच आहेत, डॉक्टर म्हणतात तेवढं राहील कदाचित. पहिल्यांदा चप्पल मागे राहिली तेव्हाच नेलं असतं तर, हे माझ्या मनातून जात नाही.