कर्क्युमिनच्या कॅप्सूल: मेंदूला फायदा की नुसताच खर्च?

निवांत: आई ७२ वर्षांची. नावं विसरते, बाकी ठणठणीत. भाऊ अमेरिकेहून मिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाच्या, कॅप्सूल पाठवतोय. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो २० टक्के. म्हणून तिथे ऑक्सिडेशनची झीज जास्त आणि हळद ती रोखते, असं त्याचं म्हणणं. मला पटतंय. सुरू कराव्यात ना?

बशीतला_उंदीर: काचेच्या बशीत वाढवलेल्या चेतापेशींवर हे दिसतं, मान्य. कर्क्युमिनमुळे पेशीतलं एनआरएफ-२ नावाचं प्रथिन कामाला लागतं आणि पेशी स्वतःच ही झीज रोखणारं ग्लुटाथायोन जास्त बनवते. पण बशीत ते थेट पेशीवर पडतं. तोंडाने घेतलेलं आतडं आणि यकृत मिळून बहुतेक वाटेतच निकालात काढतात. २०१२ साली अमेरिकेत अल्झायमरच्या ३६ रुग्णांवरची २४ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. उपयोग दिसला नाही, रक्तातही कर्क्युमिन नावापुरतंच सापडलं.

सांगलीकर: आणि २०१८ चा अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचा अभ्यास सोयीस्कर गाळलात! ४० जण, स्मृतिभ्रंश नसलेले, दीड वर्ष, शोषणासाठी सुधारलेलं कर्क्युमिन ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. स्मरणशक्ती सुधारली. निवांत यांच्या आई याच गटात बसतात की. अल्झायमर जडल्यावर देऊन "चालत नाही" म्हणणं म्हणजे वरातीमागून घोडं.

बशीतला_उंदीर: ४० माणसांवर? ई जीवनसत्त्वाचं काय झालं आठवा. तेही अँटिऑक्सिडंट, तर्क अगदी हाच. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) ८०० रुग्णांची मोठी चाचणी झाली, रोज २००० युनिट. १९९३ चा निकाल: फायदा नाही.

काउंटरवाली: अभ्यास राहू द्या बाजूला. मिरीतल्या पायपेरिनने कर्क्युमिनचं शोषण वाढतं, म्हणून तर ते घालतात. पण फिट्सवरच्या फेनिटॉइनचंही रक्तातलं प्रमाण त्याने वाढतं. अशा कॅप्सूलनी यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत. आई आणखी काय घेतात?

निवांत: बीपीची गोळी, आणि रक्त पातळ करणारी.

काउंटरवाली: मग डॉक्टरांना दाखवल्याशिवाय डबी फोडू नका. कर्क्युमिननेही रक्तस्राव वाढू शकतो.

सांगलीकर: हे मात्र मान्य. पण आमटीतल्या हळदीला नावं ठेवू नका.

बशीतला_उंदीर: आमटीत खुशाल घाला, फक्त सुटी पिवळीजर्द पावडर बघून भुलू नका. रंगासाठी लेड क्रोमेट मिसळतात आणि त्यातलं शिसं थेट चेतापेशींनाच मारक. हळकुंडं आणून घरी दळा.