एअरबॅगचा दिवा विझत नाही. वापरलेल्या गाडीचा रिकॉल कसा तपासावा?

प्रश्न : गेल्या वर्षी मी एक वापरलेली कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली. महिनाभरापासून एअरबॅगचा दिवा सतत लागलेला असतो आणि सर्व्हिस सेंटरवाले ‘काही होत नाही, चालवा’ एवढेच सांगतात. मागच्या आसनावर माझी लहान मुलगी बसते. या गाडीसाठी रिकॉल (दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणे) निघाला होता का, हे कसे कळेल?

प्रतिसाद १ : किल्ली फिरवल्यावर काही सेकंदांत तो दिवा विझायलाच हवा, विझत नसेल, तर यंत्रणेला स्वतःतच दोष आढळला आहे आणि धडकेच्या वेळी एअरबॅग उघडेल याची खात्री उरत नाही. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने ब्रेझा व ग्रँड विटारासह सहा मॉडेलांच्या १७,३६२ गाड्या एअरबॅग कंट्रोलर तपासण्यासाठी परत बोलावल्या, तेव्हा संशयित भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नये, असेच कंपनीने मालकांना कळवले होते. त्यामुळे ‘चालवा’ हा सल्ला मला बेजबाबदार वाटतो.

प्रतिसाद २ : रिकॉल चासी क्रमांकानुसार ठरतो आणि निरोप बहुधा पहिल्या मालकाकडे जातो. आरसीवरील सतरा अक्षरी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. रिकॉल निघालेला असल्यास दुरुस्ती मोफत होते. नसल्यास सर्व्हिस सेंटरकडून लेखी जॉबकार्ड (तक्रार व कामाची नोंद) मागून घ्या आणि केंद्र सरकारकडे तक्रार नोंदवा. १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. उद्याच आरसी काढून क्रमांक तपासतो. तोवर मुलीला बसने नेईन.