चकाकते म्हणून निअर मिंट?

रेघोटी
एका विक्रेत्याने आपल्या जुन्या रेकॉर्ड्सच्या यादीखाली, "निअर मिंट" (जवळजवळ नवी) ही प्रत कशी ठरवतो ते लिहिलंय: "शंभर रेकॉर्ड्स विकायच्या तर प्रत्येक वाजवून कोण बघणार? दिव्याखाली धरली, चकाकली, की निअर मिंट. घेणाऱ्यालाही हे माहीत असतं."

नाही, घेणाऱ्याला हे माहीत नसतं. गोल्डमाइन या रेकॉर्ड-संग्राहकांच्या मासिकाच्या प्रतवारीच्या पट्टीत एक पायरी खालच्या व्हीजी प्लसची (व्हेरी गुड प्लस) किंमत निअर मिंटच्या साधारण निम्मी आणि त्याखालच्या साध्या व्हीजीची पाव. तुम्ही एक पायरी चढवून लिहिलीत की मी दुप्पट पैसे मोजले.

गेल्या वर्षी माझ्याकडे अशीच एक "निअर मिंट" आली. आरशासारखी, एक ओरखडा नाही. पहिली दोन गाणी छान वाजली. पुढे गायिकेचा आवाज वर चढला की चरचरत फाटायला लागला. आधीच्या मालकाने झिजलेली सुई आणि जड टोनआर्म (सुईचा दांडा) वर्षानुवर्षं फिरवलेला असणार. खाचेची भिंत घासली गेली की ते दिव्याखाली दिसत नाही. त्यातून आतल्या, म्हणजे शेवटच्या गाण्यांच्या, वळणांत सुईखालून सरकणारी लांबी कमी, तेवढ्यात तोच आवाज दाटीने कोरलेला, म्हणून झीज तिथे आधी ऐकू येते. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, "दिसायला तर उत्तम होती." मी ती बघायला घेतली नव्हती.

मागणी एवढीच आहे: नुसती बघून ठरवली असेल तर तसं लिहा.

जुना पेटारा
ती ओळ माझी. एका एलपीची ४० मिनिटं धरली तर १०० एलपींचे जवळजवळ ६७ तास होतात. नोकरी सांभाळून हे कधी करायचं ते सांगा.

दुसरं, वाजवून ठरवलं म्हणजे सत्य सापडलं असं समजू नका. गोल टोकाची सुई भिंतीवर एका ठिकाणी टेकते, बारीक धारेची मायक्रोलाइन सुई दुसरीकडे. एकाच्या सुईने झिजवलेली रेकॉर्ड दुसऱ्याकडे स्वच्छ वाजू शकते. तुमची फाटकी कदाचित माझ्याकडे बरी वाजली असती.

आणि माझाही अनुभव ऐका. कागदी पाकिटात आत-बाहेर करून केसासारख्या रेषा पडलेली एक रेकॉर्ड मी घाबरून व्हीजी म्हणून विकली. घेणाऱ्याने कळवलं, अजिबात आवाज नाही. त्या रेषा वरवरच्या होत्या, खाचेत उतरल्याच नव्हत्या. तेव्हा अर्ध्या किमतीचं नुकसान माझं झालं. त्यावर कोणी लेख लिहिला नाही.

सुईवाली
रेघोटींशी सहमत. पण माझं खरं भांडण "वयाच्या मानाने छान" या शब्दांशी आहे. प्रतवारीला वय नसतं! ५० वर्षं जुनी व्हीजी ही व्हीजीच. या तीन शब्दांवर विसंबून घेतलेल्या एलपीवर नखाला लागणारा चरा निघाला. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे दर १.८ सेकंदांनी टक्. मी मोजले, २० टक्. सगळ्यात हळुवार गाण्यात ३६ सेकंद.

निवळ
अवांतर, पण तुम्ही सगळे ज्याला खरखर म्हणताय त्यातली निम्मी नुसती घाण असते. आधी धुवा, मग भांडा. मी तर रेकॉर्डवर डिस्टिल्ड पाण्याचा पातळ थर देऊन ओलीच वाजवतो. टकटक गायब.

खडखड
हे वाचून राहवलं नाही. ओली वाजवलेली रेकॉर्ड माझ्या वाट्याला आली आहे. धुळीचा चिखल होतो, तो खाचेच्या तळाशी बसतो आणि वाळतो. पहिल्याच फेऱ्यात सुईवर करडा गोळा. तीन वेळा धुतली तेव्हा कुठे थोडी सुधारली. तुम्ही विकता तेव्हा हे सांगता का?

निवळ
मी आधी धुतो, मग ओली वाजवतो, मग पुसून वाळवतो. कोणा भलत्याच्या आळसाचा राग माझ्यावर काढू नका. तुमची ती तशी ओली वाजवल्यामुळेच झाली हे कशावरून?

खडखड
आधीच्या मालकाने स्वतः सांगितलं, अभिमानाने!

सुईवाली
धुण्याचं निघालंच आहे तर एक कळकळीचं सांगते. लाखेच्या ७८ ला (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डला) अल्कोहोल लावू नका. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. माझ्या वडिलांच्या संग्रहातली एक त्यांच्या मित्राने विनाइल रेकॉर्ड धुण्याच्या अल्कोहोलवाल्या द्रावणाने पुसून दिली, भल्यासाठीच. चकाकी गेली आणि मागे नुसता खरखराट उरला. वडील त्याला काही बोलले नाहीत, पण ती रेकॉर्ड परत कधी लावली नाही.

निवळ
हे मात्र शंभर टक्के खरं. ७८ साठी मीही अल्कोहोल घेत नाही.

रेघोटी
धुलाईसाठी वेगळा धागा काढा, मी येतो. इथे त्यातला एकच मुद्दा लागू आहे: न धुता प्रत ठरवू नये.

पेटारा, तुमच्या ६७ तासांचं म्हणणं मला पटतं. सुईचंही पटतं, पटवून घ्यायची इच्छा नव्हती तरी. पण म्हणूनच तर "नजरेने" हा एक शब्द लिहायला सांगतोय. त्याला वेळ लागत नाही.

जुना पेटारा
तुमचा सूर मला अजूनही आवडलेला नाही. तरी करतो. ज्यांना निअर मिंट म्हणायचं त्यांच्या दोन्ही बाजूंचं शेवटचं गाणं वाजवून बघेन. बाकीच्या सगळ्या "फक्त पाहून", आणि व्हीजी प्लसच्या वर नाही. बदल्यात "वाजवून पाहिली" म्हणणाऱ्यांनी सुई कोणती तेही लिहायचं.

रेघोटी
लिहीन.

सुईवाली
आणि "वयाच्या मानाने"?

जुना पेटारा
आत्ताच यादी उघडली. चार ठिकाणी होतं, काढलं.