लॅटिनच्या लेकी आणि आपण : स्पॅनिशकडेच का वळलात? (अनुभव धागा)

पुण्यात गेली सतरा वर्षे मी स्पॅनिश शिकवते. वर्गाच्या पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारते, की फ्रेंच, इटालियन किंवा पोर्तुगीज या लॅटिनपासून जन्मलेल्या तिच्या बहिणी सोडून आपण इकडे का आलात? "सोपी आहे म्हणून", "नोकरीत उपयोगी पडते म्हणून", "बहिणीने शिकली म्हणून" अशी उत्तरे मिळतात. सहा महिन्यांनी हाच प्रश्न पुन्हा विचारला, तर उत्तरे बदललेली असतात. ती बदललेली उत्तरे ऐकण्यासाठी हा धागा काढला आहे. ज्यांनी स्पॅनिश शिकली त्यांनी तर लिहावेच, पण ज्यांनी तिच्या एखाद्या बहिणीचा हात धरला त्यांनी आवर्जून लिहावे.

स्पॅनिश ही सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे आणि २० सार्वभौम देशांत तिला अधिकृत स्थान आहे, हे कारण सगळेच सांगतात. मला मात्र वेगळ्या गोष्टीचे नवल वाटते. फ्रेंचच्या प्रसारासाठी आलियान्स फ्रान्सेज १८८३ साली उभी राहिली आणि इटालियनसाठी दान्ते आलिगिएरी संस्था १८८९ साली. स्पॅनिशची इन्स्तितुतो सेर्वान्तेस थेट १९९१ साली स्थापन झाली. शंभर वर्षे उशिरा निघूनही स्पॅनिशला विद्यार्थी कमी पडले नाहीत, तेव्हा केवळ संस्था उभारल्याने भाषेला विद्यार्थी मिळतात असे म्हणता येत नाही.

"सोपी" या उत्तराबद्दलही थोडे सांगते. मी फळ्यावर 'मे गुस्ता एल मांगो' आणि त्याखाली 'मे गुस्तान लोस मांगोस' अशी दोन वाक्ये लिहिते. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी इथे अडखळतो, कारण 'मी' हा कर्ता कुठे गेला ते त्याला सापडत नाही. मग मी शेजारी 'मला आंबा आवडतो' आणि 'मला आंबे आवडतात' अशी वाक्ये लिहिते, आणि वर्गात क्षणभर कोणी बोलत नाही. क्रियापद आंब्याच्या मागे जाते, माणसाच्या नाही; हे आपण आईच्या मांडीवरच शिकलेलो असतो. परंतु हे श्रेय एकट्या स्पॅनिशचे नाही, कारण इटालियनमध्येही अगदी हीच रचना आहे. फ्रेंच आणि पोर्तुगीज या दोघी मात्र इथे 'मी'लाच कर्ता करतात. स्पॅनिशचा खरा सोपेपणा तिच्या लेखनात आहे. पाच स्वच्छ स्वर, लिहिले तसे वाचायचे, आणि आपल्या 'त' व 'द' सारखेच दंत्य 'त' आणि 'द'.

आता आपण लिहावे.

डॅलसजवळच्या उपनगरातून, दोन मुलांची आई

माझी मुलगी लहानपणापासून बॅले शिकते, आणि बॅलेचे सगळे शब्द फ्रेंच असल्यामुळे सातवीत तिने फ्रेंच मागितली. पुरेशी मुले नाहीत म्हणून तो वर्ग भरणार नाही, असे शाळेने ऑगस्टमध्ये कळवले. त्याच शाळेत स्पॅनिशच्या पाच तुकड्या होत्या. मुलगी रडली आणि मलाही राग आला, कारण विचारणा अर्जात चार भाषा होत्या आणि प्रत्यक्षात एकच उरली होती.

त्यानंतर मी या विषयाचे बरेच वाचन केले. इथल्या महाविद्यालयांत १९६८ पर्यंत फ्रेंचच पुढे होती. १९७० च्या गणनेत स्पॅनिशने तिला मागे टाकले आणि मग ती कधी मागे आली नाही. २०१६ साली स्पॅनिशचे विद्यार्थी सुमारे ७ लाख १२ हजार, फ्रेंचचे १ लाख ७५ हजार, इटालियनचे ५६ हजार आणि पोर्तुगीजचे दहा हजारांच्याही आत होते. पाच वर्षांनी स्पॅनिशचा आकडा ५ लाख ८४ हजारांवर घसरला, पण फ्रेंचही १ लाख ३५ हजारांवर आली, म्हणजे चौपटीचे प्रमाण तसेच राहिले. त्याही आधी, पहिल्या महायुद्धात जर्मन भाषेवर रोष ओढवला आणि शाळांतून ती हटली, तेव्हा रिकाम्या झालेल्या जागेवर मुख्यतः स्पॅनिश येऊन बसली. देशात चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात हे कारण तर आहेच. पण मला असे दिसते, की मुले आहेत म्हणून शिक्षक मिळतात आणि शिक्षक आहेत म्हणून मुले येतात, आणि या रहाटात दुसऱ्या भाषेला पाय ठेवायला जागा मिळत नाही.

मुलीचे पुढे काय झाले तेही सांगते. मागच्या वर्षी गारपिटीने आमचे छप्पर फुटले आणि दुरुस्तीला सहा माणसे आली. तिसऱ्या प्रहरी ती पाण्याचा जग घेऊन शिडीपाशी उभी राहिली आणि "किएरेन आग्वा?" असे तिने वर हाक मारून विचारले. त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ खाली उतरले, त्यांनी टोपी काढली आणि तिच्याशी दहा मिनिटे त्यांच्या नातीबद्दल बोलले. तिने मला नंतर सांगितले, की त्यातले अर्धेच समजले. फ्रेंच ती आता घरी माझ्याबरोबर शिकते आहे आणि मीही तिच्याबरोबर पहिल्या धड्यापासून सुरुवात केली आहे.

नाशिकहून, फ्रेंच शिक्षिका

वरील अनुभव वाचून मला आपल्याकडचे चित्र मांडावेसे वाटते, कारण ते जवळजवळ उलटे आहे. महाराष्ट्रात शाळा-महाविद्यालयांत लॅटिनच्या लेकींपैकी मानाचे पान अजून फ्रेंचचे आहे. अकरावी-बारावीला ती गुणांसाठी घेतली जाते, हे मला सांगताना दुःख होते. पैकीच्या पैकी गुण मिळवलेली मुले दोन वर्षांनी भेटली, की एक वाक्यही बोलू शकत नाहीत. त्यात आता कॅनडाची भर पडली आहे. २०२३ पासून तिथे स्थायिक होण्यासाठीच्या एक्स्प्रेस एंट्री या योजनेत फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळी निवड सुरू झाली आणि माझ्या संध्याकाळच्या वर्गात तिशीतले अभियंते येऊन बसू लागले. ते जीव तोडून शिकतात आणि त्यांचा मला आदर वाटतो, पण त्यांना भाषा नको असते, परीक्षेची पातळी हवी असते. स्पॅनिशला हा परीक्षांचा आधार आपल्याकडे नाही, म्हणून तिच्या वर्गात येणारा माणूस बहुधा मनाने आलेला असतो, असे माझे निरीक्षण आहे.

फ्रेंचची अवघड म्हणून बदनामी करताना तिच्या अंकांचे उदाहरण हमखास दिले जाते. सत्त्याण्णव म्हणायचे तर 'चार-वीस-दहा-सात' म्हणावे लागते. माझी आजी निफाडकडची. ती गोवऱ्या विसांनी मोजत असे. पाच विसा झाल्या, की भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढायची. मी वर्गात 'कात्र व्हँ' शिकवताना आजीचे 'चार विसा' सांगते आणि ज्यांच्या घरी शेती आहे, त्या मुलांचे चेहरे लगेच उजळतात. शहरातल्या मुलांना मात्र आधी विसा म्हणजे काय हे समजवावे लागते.

धागाकर्ती

विसांचा अनुभव फार मोलाचा आहे. मी तो माझ्या फ्रेंच शिकवणाऱ्या मैत्रिणीला आजच पाठवते. एक भर घालते. ब्रिटनमध्ये फ्रेंचचे वर्चस्व पिढ्यान्‌पिढ्यांचे होते, पण ए लेव्हल या अठराव्या वर्षीच्या परीक्षेला स्पॅनिश २०१९ साली आणि जीसीएसई या सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला २०२५ साली तिच्या पुढे गेली. म्हणजे शाळेची सवयही कायमची नसते.

मडगावहून, वकील

आमच्याकडे पोर्तुगीज ही हौसेची भाषा नाही. ती कपाटात पडलेली आहे. १९६१ पूर्वीची खरेदीखते, वाटण्या, मृत्युपत्रे सगळी त्याच भाषेत आहेत, आणि १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कुटुंबविषयक तरतुदी आजही गोव्यात लागू असल्यामुळे ती कागदपत्रे वारंवार उघडावी लागतात. मी वकिलीला सुरुवात केली, तेव्हा ते वाचू शकणारे ज्येष्ठ वकील प्रत्येक कचेरीत एक तरी असत. आता त्यांचा शोध घ्यावा लागतो.

मी स्वतः शिकायचे ठरवले, तेव्हा भोवती सगळीकडे स्पॅनिशचीच साधने दिसली. पोर्तुगीजची जी मिळाली, त्यांतली बहुतेक ब्राझीलच्या वळणाची होती. त्याचा फटका मला एका वाटणीपत्रात बसला. 'अपेलिदु' या शब्दाचा अर्थ टोपणनाव, असे मी मोबाइलवरच्या धड्यात शिकले होते आणि ब्राझीलमध्ये तो अर्थ बरोबरही आहे. लिस्बनच्या आणि म्हणून गोव्याच्या पोर्तुगीजमध्ये मात्र 'अपेलिदु' म्हणजे आडनाव. मी अशिलाच्या पणजोबांचे आडनाव टोपणनाव समजून बाजूला ठेवले आणि दोन दिवस दुसऱ्याच घराण्याचे कागद चाळत बसले. माझ्या ज्येष्ठांनी ती चूक एका नजरेत दाखवली. गंमत अशी, की स्पॅनिशमध्येही 'आपेयिदो' म्हणजे आडनावच. मी त्या दिवशी थोडी स्पॅनिश जाणत असते, तरी वाचले असते.

त्यातही १९११ च्या शुद्धलेखन सुधारणेपूर्वीचा कागद असेल, तर शब्दाचे रूपच निराळे असते. अक्षरे दुप्पट लिहिलेली, शाई तपकिरी झालेली आणि कडेला वाळवीने कुरतडलेले. अशा कागदावर 'मेयेयरा' हा शब्द मी पहिल्यांदा स्वतः उलगडला, तो दिवस मला आठवतो. मेयेयरा म्हणजे निम्म्या मालमत्तेची स्वतःच्या हक्काने धनी असलेली पत्नी. नवऱ्यामागे तिला जे मिळते त्यात हे निम्मे धरायचे नसते, कारण ते आधीपासून तिचेच असते. समोर बसलेल्या सत्तर वर्षांच्या बाईंना मी कोकणीत हे सांगितले, तेव्हा त्यांनी तो शब्द माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतला. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे आणि पणजीत वर्गही चालतात. पण वर्गातल्या अनेकांची नजर पोर्तुगालच्या नागरिकत्वावर असते. तेही त्यांच्या जागी योग्य आहे. माझी काळजी कपाटातल्या कागदांची आहे.

साओ पाउलोहून, कंपनीच्या कामानिमित्त आलेले गृहस्थ

मी मुंबईत दोन वर्षे स्पॅनिश शिकून इथे आलो, कारण शेजारच्या भाषेवर ब्राझीलमध्ये निभावून जाईल असे मला सांगण्यात आले होते. पहिल्याच महिन्यात सहकाऱ्याच्या घरी जेवायला बोलावले. त्याच्या आईने सकाळपासून खपून फेइझोआदा, म्हणजे मांस घातलेला घेवड्याचा रस्सा, केली होती. मी पहिला घास घेऊन मनापासून "एस्किसितो" म्हणालो. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ अतिशय रुचकर. पोर्तुगीजमध्ये तोच शब्द विचित्र या अर्थाने वापरतात. माउलीने हातातला डाव खाली ठेवला. सहकाऱ्याने समजावून सांगितल्यावर सगळे निवळले, परंतु तिचा तो चेहरा डोळ्यांपुढून जात नाही आणि दुसऱ्या दिवशी मी पोर्तुगीजच्या शिकवणीला नाव घातले. इथल्या लोकांना स्पॅनिश बरीचशी कळते, पण आपल्या भाषेला स्पॅनिशची पोटभाषा समजलेले त्यांना मुळीच आवडत नाही. माध्यमिक शाळांनी स्पॅनिश शिकवण्याची सोय केलीच पाहिजे, असा कायदा ब्राझीलने २००५ साली केला होता. २०१७ साली ते बंधन काढून टाकण्यात आले.

बार्सिलोनाहून, संगणक अभियंता

कार्यालयात इंग्रजी आणि बाजारात स्पॅनिश एवढ्यावर माझी चार वर्षे सुखात गेली. मग मुलगा शाळेत जाऊ लागला आणि घरी येणारी प्रत्येक चिठ्ठी कातालान या इथल्या प्रांताच्या भाषेत असे. सरकारी केंद्रांत कातालानचे प्राथमिक वर्ग विनामूल्य असतात, शिवाय बोलण्याच्या सरावासाठी एका स्थानिक स्वयंसेवकाशी जोडी लावून देतात. माझ्या वाट्याला निवृत्त छापखानेवाले आजोबा आले. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात आपली भाषा शाळेत कशी बंद होती, हे त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितले, आणि पुढचा तासभर मी व्याकरणाचा एकही प्रश्न विचारला नाही. स्पॅनिशची लोकप्रियता मला त्या दिवसापर्यंत केवळ चांगली गोष्ट वाटत होती.

मिलानहून, वस्त्ररचनेची विद्यार्थिनी

माझे थोडक्यात. इटालियनमध्ये जोडव्यंजनावर जोर दिला नाही, तर अर्थ बदलतो. 'नोन्नो' म्हणजे आजोबा आणि 'नोनो' म्हणजे नववा. माझ्या इंग्लिश मैत्रिणी यावर आठवडे घालवतात. 'पता' आणि 'पत्ता' यांतला फरक जिभेवर घेऊन आलेल्या मला ते शिकावेच लागले नाही. स्पॅनिश का नाही, असे सगळे विचारतात. मला ज्यांच्याकडून विणकाम शिकायचे होते ते कारागीर इटालियन बोलतात, एवढेच उत्तर आहे.

न्यू जर्सीहून, औषधनिर्माता

मी मुंबईत शाळेपासून फ्रेंच शिकले आणि इथल्या बारा वर्षांच्या नोकरीत ती औषधालयात दोनदा वापरली. स्पॅनिश मी दुसऱ्या वर्षी शिकायला घेतली, त्याला एक निश्चित कारण झाले. दिवसातून एकदा हे सांगण्यासाठी इंग्रजीत 'वन्स' लिहितात. तीच चार अक्षरे स्पॅनिश माणूस 'ओन्से' अशी वाचतो आणि ओन्से म्हणजे अकरा. आमच्या व्यवसायात हा धोका सगळ्यांना शिकवला जातो, पण रक्तदाबाची डबी हातात घेऊन एक आजोबा मला "ओन्से?" असे विचारत उभे राहिले, तेव्हा माझ्या हातापायांतले बळ गेले. त्या आठवड्यात मी वर्गाचे पैसे भरले. आता औषधे समजावून सांगण्याची माझी निम्मी कामे स्पॅनिशमध्ये होतात आणि ती मी दुसऱ्या कोणावर सोपवत नाही.

आमचे दुकान नूअर्कच्या आयर्नबाउंड भागाजवळ आहे. तिथे पोर्तुगाल आणि ब्राझीलहून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्याशीही मी स्पॅनिशच बोलत असे. ते निमूटपणे ऐकून घेत आणि मान हलवत. गेल्या हिवाळ्यात पोर्तुगालच्या एक वृद्ध बाई गोळ्या घ्यायला आल्या आणि त्यांनी काहीतरी लांबलचक विचारले. मला त्यातला एकच शब्द लागला, 'अनानाश'. स्पॅनिशमध्ये त्या फळाला 'पिन्या' म्हणतात, म्हणजे माझ्या वर्गातली भाषा तिथे काही कामाची नव्हती. पण अननस मला कोणी शिकवायची गरज नव्हती. गोळी अननसाच्या रसाबरोबर घेतली तर चालेल का, असे त्या विचारत होत्या. पाण्याबरोबर घ्या, असे मी खुणेने सांगितले, आणि मग आमच्याकडेही या फळाला अननसच म्हणतात हे सांगून तो शब्द मराठीत म्हणून दाखवला. त्यांनी दोन बोटे ओठांवर ठेवली, तो शब्द माझ्यासारखा म्हणून पाहिला आणि मागे उभ्या असलेल्या सुनेला वळून काहीतरी सांगितले. पुढच्या महिन्यात त्या आल्या, तेव्हा 'बों दिया' एवढे मी शिकून ठेवले होते.