अलार्म पॅनलचं फर्मवेअर आधी की मॉड्यूल आधी?

पॅनल जुनं आहे, त्यातलं २जी मॉड्यूल (मोबाइल नेटवर्कवरून अलार्मचा संदेश पाठवणारा भाग) हल्ली दिवसातून तीनचारदा नेटवर्क सोडतंय आणि कीपॅडवरचा पिवळा दिवा लागतो. ४जी घेऊ की सरळ लॅनचं (राउटरला वायरने जोडायचं)? आणि फर्मवेअर (पॅनलच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करावंच लागतं का, मधेच लाइट गेली तर पॅनल बाद होईल अशी भीती वाटते.

> आधी फर्मवेअर बघा. जुनं व्हर्जन नवीन मॉड्यूल ओळखतच नाही बऱ्याचदा. आणि अपडेटआधी सगळ्या झोनची (सेन्सर जोडलेल्या विभागांची) प्रोग्रामिंग सेव्ह करा, माझं एकदा सगळं डिफॉल्टला गेलं, अख्खा रविवार सेन्सर परत जोडण्यात गेला 😅 बॅटरी चांगली असेल तर लाइट गेली तरी चालतं, खराब असेल तर आधी ती बदला.

> लॅन स्वस्त आणि स्थिर, पण राउटर बंद पडला की अलार्म मुका. म्हणून दोन्ही ठेवा, लॅन मुख्य, ४जी बॅकअपला. २जी परत घेऊ नका, बऱ्याच देशांत बंद होतंय. वायफायवाली बरीच मॉड्यूलं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात हेही बघा.

> मॉड्यूल लावताना मेन आणि बॅटरी दोन्ही काढा हां, नुसता मेन काढून चालत नाही.

धन्यवाद, बॅटरीचं तर डोक्यातच नव्हतं, आजच मोजतो.