मदत हवी आहे: विकिडेटावर आगरी बोलीची नोंद कशी करावी?

नमस्कार मंडळी. मी घणसोलीत राहते. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात (स्थापना १८९३) बसून दिवंगत लेखकांची माहिती विकिडेटावर (विकिपीडियाच्या जोडीचा खुला माहितीसंग्रह) भरते आहे. तिथे भाषेसाठी तीन वेगळे गुणधर्म, म्हणजे माहितीचे रकाने, आहेत: मातृभाषा (पी१०३), बोललेल्या-लिहिलेल्या भाषा (पी१४१२) आणि लेखनाची भाषा (पी६८८६). अरुण कोलटकरांसारख्यांचं सोपं असतं. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत कविता, दोन्ही भाषा लावल्या की झालं.

अडलंय ते आमच्याच गावातल्या एका दिवंगत कवींपाशी. घरात आगरी, लिहिलं सगळं प्रमाण मराठीत. फक्त एका वहीत आईकडून ऐकलेले लग्नातले धवले (गाणी) उतरवलेत, तेही आगरीत, ‘माजा’, ‘तुजा’ जसंच्या तसं. मग पी१०३ मध्ये नुसतं ‘मराठी’ लिहू का? तसं लिहिलं तर त्यांच्या आईची बोली नोंदीतून पुसलीच जाते, आणि ते मला पटत नाही.

आगरीसाठी वेगळी नोंद जोडणं योग्य ठरेल का? आणि वही छापलेली नाही, मग संदर्भ कशाचा द्यायचा? कुणी मालवणी किंवा अहिराणी लेखकांसाठी हे काम केलं असेल तर कृपया सांगा.