नवगावच्या इस्राएली टेकाडांचे उत्खनन करावे काय?

कुलाबकर
अलिबागजवळ नवगाव येथे बेने इस्राएल या कोकणातील यहुदी समाजाची जुनी दफनभूमी आहे. समाजाच्या परंपरेनुसार पूर्वजांचे गलबत याच किनाऱ्यापाशी फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि लाटांनी काठाला लावलेली प्रेते दोन टेकाडांखाली, पुरुषांची एकात व स्त्रियांची दुसऱ्यात, पुरली गेली. ही घटना कोणी इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराची मानतात, तर कोणी ती थेट सहाव्या शतकापर्यंत पुढे आणतात. टेकाडे खणली तर वाद मिटेल असे वाटणे स्वाभाविक आहे, तरीही माझा त्यास विरोध आहे. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे पुरलेला देह काही मोजके अपवाद सोडता हलवता येत नाही. शिवाय हा समाज आजही हयात असल्यामुळे ही थडगी बेवारस नाहीत.

चौलचा वाचक
श्रद्धेचा मान राखूनही मी असहमत आहे. तेलाचे घाणे चालवून शनिवारी काम बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ कोकणात केव्हा आले, हा प्रश्न एका समाजापुरता नसून साऱ्या पश्चिम किनाऱ्याच्या व्यापाराचा आहे, कारण ग्रीक दर्यावर्दींना ठाऊक असलेले चौल बंदर येथून फार लांब नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात यहुदी व स्थानिक वंशांची सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाल्याचा अंदाज निघाला. परंतु त्यावरून सरमिसळीचा काळ कळतो, आगमनाचा नव्हे. आगमनाचा पुरावा असलाच तर तो मातीतच असणार, आणि तो शोधायचाच नाही असे ठरवणे म्हणजे इतिहासाला दंतकथेच्या भरवशावर सोडणे होय.

कुलाबकर
आपला मुद्दा वजनदार आहे. परंतु या समाजाकडे वंशाचा पुरावा पहिल्यांदाच मागितला जात आहे असे नाही. १९४८ नंतर येथील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली, आणि तेथे विवाहाच्या वेळी काही धर्मगुरूंनी त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली. त्याविरुद्ध लोकांना आंदोलन करावे लागले, तेव्हा कुठे १९६४ साली सरकारने हा समाज सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. ज्यांच्या जिवंत माणसांना एवढी परीक्षा द्यावी लागली, त्यांच्या मृतांनाही आता साक्षीला उभे करायचे, हे मला मनापासून अनुचित वाटते. नंतरच्या काळातील थडग्यांवर वर हिब्रू आणि खाली मराठी अक्षरे कोरलेली आढळतात, आणि खाऱ्या वाऱ्याने त्यांच्या कडा झिजत चालल्या आहेत. त्यांचे ठसे व छायाचित्रे घेणे हे आजचे काम आहे, आणि त्यासाठी कुदळ लागत नाही.

मातीपरीक्षक
दोन्ही बाजूंनी एक व्यावहारिक बाब लक्षात घ्यावी. कोकणातील आम्लधर्मी माती आणि मुसळधार पाऊस यांत हाडे फार काळ टिकत नाहीत, म्हणून खणूनही हाती काही न लागण्याची शक्यता मोठी आहे. न खोदता रडारने पाहणी करता येते. ओल्या, क्षारयुक्त जमिनीत त्याच्या लहरी फार खोल जात नसल्यामुळे ती एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना करावी.

चौलचा वाचक
रडार पाहणी मला मान्य आहे, मात्र उत्खननाला पर्याय म्हणून नव्हे. रडारने पोकळी किंवा हललेली माती दिसेल, काळ कळणार नाही. अलिबागच्या किनाऱ्यावर बंगल्यांसाठी जमिनींचे व्यवहार ज्या वेगाने होत आहेत, तो पाहता उद्या एखाद्या पायाच्या खोदकामात यंत्राने अवशेष वर काढले तर तेथे ना प्रार्थना म्हटली जाईल, ना नोंद ठेवली जाईल. त्यापेक्षा समाजाच्या प्रतिनिधींच्या देखत, हाडे आढळताच काम थांबवण्याच्या अटीवर, टेकाडांच्या बाहेरच्या कडेला एक लहान चर घ्यावा. तेथे खापरे मिळाली तरी निदान शतक सांगता येईल.

कुलाबकर
टेकाडांबाहेरच्या चराबद्दल मी विचार करीन, परंतु त्याची परवानगी देण्याचा अधिकार तुमचा-माझा नाही. मुंबई, अलिबाग आणि इस्राएलमधील बेने इस्राएल मंडळींना प्रथम विचारावे, आणि त्यांनी नकार दिला तर तो अंतिम मानावा.